नाही ना?

“गेल्या वर्षी काही क्लेम नाही ना, सर?”

फोनवरच्या मुलीनं हे विचारलं तेव्हा मी दापोडी स्टेशनबाहेर चहा घेत उभा होतो. २०२३चा नोव्हेंबर, दिवाळीच्या आसपासचे दिवस. मागून लोकल धडधडत गेली. त्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही, कारण लोकल गेल्यावर तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मी दुसऱ्यांदाही “नाही” म्हणालो.

आपल्याकडे “नाही ना?” या प्रश्नाला उत्तर आधीच जोडून दिलेलं असतं. विचारणारा ते आपल्या तोंडात घालतो, आपण फक्त गिळायचं. गेली दोन वर्षं मी त्या पोरीच्या ‘ना’वर बरंच काही ढकलत आलो. तिला पॉलिसी विकायची होती, तिनंच तसं विचारलं, मी घाईत होतो, वगैरे. पण फोन ठेवल्यावर तिनं मोबाइलवर लिंक पाठवली, आणि तिच्यात ‘ना’ नव्हता. मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का, एवढंच विचारलेलं, खाली दोन चौकोन. ‘नाही’वर अंगठा टेकवला तो माझा होता. चहाचा ग्लास डाव्या हातात होता, हेसुद्धा मला आठवतं.

खरं उत्तर असं होतं की त्याच वर्षी मार्चमध्ये मी क्लेम घेतला होता आणि त्याचे १८,४०० रुपये माझ्या खात्यात जमा झाले होते.

गाडी २०१८च्या दिवाळीत घेतली. बाराशे सीसीच्या आतली, साधी. क्लेम न घेतलेल्या प्रत्येक वर्षाला नो क्लेम बोनसची एक पायरी चढते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षं झाली की ५०. पुढे जिना नाही. मध्ये एक क्लेम घेतला की थेट तळाला. ही सूट हप्त्याच्या फक्त त्या भागावर, जो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असतो. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. माझ्या गाडीच्या वर्गाला तो जून २०२२पासून ३,४१६ रुपये आहे. कुठल्याही कंपनीत जा, त्यात पैचा फरक नाही. त्यामुळे घासाघीस होते ती उरलेल्या निम्म्यावर, आणि त्या निम्म्यात बोनस हा सगळ्यात मोठा आकडा.

२०२०ची पायरी तर मी गाडी न चालवताच चढलो. लॉकडाऊनमध्ये ती महिनोन्‌महिने कव्हरखाली होती, बॉनेटखाली मांजरीनं पिल्लं घातली होती. तरी नोव्हेंबरला २५ टक्के मिळाले. मी ते ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सांगायचो, आणि सांगताना आवाजात जरा ऐट असायची. बोनसचा आकडा मला शाळेतल्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासारखा वाटायला लागला होता.

आमच्या घरी या बाबतीत दुसरं एक माप होतं, पण ते मी कधी लावून पाहिलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्याच, दापोडीच्या एसटी मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते. पत्रा ठोकणं, रिबिट मारणं, अपघाताच्या गाड्या पुन्हा उभ्या करणं यात तीस वर्षं गेली. २००८ला निवृत्त झाले. आमच्या गल्लीत एसटीचे ड्रायव्हरही राहायचे, त्यांतल्या दोघांच्या शर्टावर विना अपघात सेवेचा बिल्ला असायचा. लहानपणी मला तो पोलिसांच्या बिल्ल्याहून भारी वाटे. एसटीसारख्या उपक्रमानं स्वतःचा निधी ठेवला तर सक्तीच्या विम्यातून त्याला सूट मिळते, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यातच आहे. त्यामुळे त्या ड्रायव्हरांच्या जगात क्लेम, बोनस हे शब्दच नव्हते. तिथं एकच प्रश्न असायचा: अपघात झाला की नाही झाला. माझ्या पॉलिसीवर लिहिलेलं असायचं नो क्लेम, आणि मी ते वर्षानुवर्षं नो अपघात असं वाचत आलो.

अपघात तर झाला होता.

२०२२चा जुलै, शनिवारची सकाळ, सव्वासात झाले असतील. पाऊस नुकताच थांबलेला. हॅरिस पूल ओलांडून मी घराकडे येत होतो. मेट्रो तेव्हा पिंपरीकडून फुगेवाडीपर्यंतच धावत होती, दापोडीचं स्टेशन व्हायचं होतं, रस्त्यावर जिकडंतिकडं पत्रे लावलेले. मुख्य रस्त्यावरून डावीकडे सर्व्हिस रोडला घेताना इंडिकेटर दिला होता की नाही ते आठवत नाही. हे वाक्य मी मनात इतक्यांदा असंच म्हटलंय की आता लिहितानाही तसंच उतरलं. आठवतं. दिला नव्हता.

डावीकडून एक माणूस मोपेडवर येत होता. पुढे पायाशी आणि मागे सीटवर अंड्यांचे ट्रे, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यानं आवळलेले. माझ्या बंपरचा कोपरा त्याच्या हँडलला लागला. आधी मागचे ट्रे घसरले, मग तो. अंडी फुटल्याचा आवाज असा येतच नाही; ओल्या डांबरावर पिवळं पसरत गेलं तेव्हा मला कळलं. मी खाली उतरेपर्यंत तो उठून बसला होता आणि ट्रे उचलायला लागला होता. डावा हात छातीशी धरलेला. उजव्या हातानं फुटलेल्यांतून एकेक शाबूत अंडं काढून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवत होता. पुसायचा, बघायचा, ठेवायचा. मी त्याच्या डोक्यावर उभा.

“इंडिकेटर तरी द्यायचा ना, साहेब.” तो एवढंच बोलला. ओरडला असता तर मला बरं पडलं असतं.

मी म्हणालो, “तू एवढ्या जोरात कशाला येतोस?” तो जोरात येत नव्हता.

त्यानं दोन हजार मागितले. चार ट्रे गेले होते, आरसा फुटला होता, हँडल वाकलं होतं. मी हजार म्हणालो. होय, घासाघीस केली. पंधराशेवर टपरीवरचा एक जण मध्ये पडला, “द्या हो, मिटवा.” मी पाचशेच्या तीन नोटा दिल्या आणि मिटवलं. हात सुजायला लागलेला मला दिसत होता. कायद्याच्या १३४व्या कलमात ड्रायव्हरनं काय करायचं ते स्वच्छ लिहिलंय: जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय तिथून काही मैलांवर, आणि माझ्याकडे चार चाकं आणि मोकळी मागची सीट होती. मी त्याला “दाखवून घे रे हात” असं म्हणालो आणि निघालो. नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही माझं विचारावंसं वाटलं असतं.

त्या पाच मिनिटांत डोक्यात काय चाललं होतं ते आज प्रामाणिकपणे सांगायचं तर, ४५ टक्के. येत्या नोव्हेंबरला चौथी पायरी लागणार होती. हे प्रकरण कागदावर गेलं तर ती जाईल, अशी माझी समजूत. पुढं बऱ्याच उशिरा कळलं की ही समजूतही चुकीची होती. बोनस आपल्या गाडीच्या क्लेमशी बांधलेला असतो. त्या माणसाला माझ्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळाली असती तर माझ्या जिन्याची एक पायरीही हलली नसती. अर्थात, फुटक्या आरशासाठी आणि चार ट्रेसाठी शिवाजीनगरला अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कोण जातं? म्हणूनच आपल्याकडे सगळं रस्त्यावरच मिटतं. मिटतं म्हणजे ज्याची गाडी मोठी त्याच्या हिशेबानं मिटतं. ज्या गोष्टीला मुळात धोकाच नव्हता ती वाचवायला मी पाचशे रुपये कमी दिले. आणि तो धोका खरा असता तर पाचशे कमी देणं बरोबर ठरलं असतं का, हा प्रश्न मी बराच काळ टाळला.

बंपरच्या कोपऱ्यावर त्याच्या मोपेडचा निळा रंग लागला होता. बोटभर लांब रेघ.

मार्च २०२३मधली दुसरी गोष्ट लहान आहे, पण तिच्यात मी जास्त खोटं बोललो. रात्री फोनवर भाऊबंदकीचं भांडण करत सोसायटीच्या गेटातून गाडी आत घातली आणि डावं दार गेटच्या लोखंडी खांबाला घासत नेलं. घरी सांगितलं की ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकून गेलं. गॅरेजमध्ये इन्शुरन्सचं टेबल सांभाळणारा माणूस समजूतदार होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, “पार्किंगमध्ये अज्ञात वाहन, असं टाकू. प्रश्न कमी येतात.” खरं तर खांबाला आपणच घासली असं लिहिलं असतं तरी क्लेम मिळालाच असता, आपली चूक झाकायलाच तर ती पॉलिसी असते. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, सवय मात्र लागली होती. वर तो म्हणाला, “बंपरही यातच करून घेऊ, शेजारीच तर आहे.” मी हो म्हटलं. पन्नास हजारांच्या आतल्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच असं नाही, मोबाइलवरच्या फोटोंवर काम झालं. बिल एकतीस हजारांचं, त्यातून प्लास्टिकच्या भागांचे निम्मे, पत्र्याचे पस्तीस टक्के घसाऱ्यात वजा, वर हजार रुपये सक्तीची कपात, असं करत १८,४०० हातात आले.

गाडी गॅरेजला टाकायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा खाली आले होते. चष्मा न लावता त्यांनी दारावरून तळहात फिरवला. मागून पुढे, मग पुढून मागे. कार्यशाळेत ते असंच करायचे, पत्रा कुठं ताणलाय ते डोळ्यांआधी हाताला कळतं म्हणायचे.

“गाडी नाही लागलेली ही,” ते म्हणाले. “खांब आहे. गाडीला गाडी लागली की पत्रा असा सरळ नाळीसारखा आत जात नाही.”

मी काही बोललो नाही. हात बंपरवर गेला. निळ्या रेघेवर नख घासून पाहिलं.

“आणि हे जुनं आहे. कोणाचं?”

“काय माहीत, अण्णा. पार्किंगमध्येच असेल.”

त्यांनी नखातला रंग धोतराला पुसला आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो बंपर निघाला आणि त्याच्याबरोबर निळी रेघही. तिचेही अर्धे पैसे कंपनीनं दिले.

तर नोव्हेंबर. जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस आली, १२,५२७ रुपये. बोनस शून्य. मला राग आला, आणि तो राग अगदी खरा होता, यातच सगळी गंमत आहे. इतकी वर्षं एक रुपया मागितला नाही, एकदा मागितला तर हे असं? घरात तणतणलो. मग तीन ठिकाणी भाव काढले. एकानं ७,८०७ सांगितले. नीट पाहिलं तर त्यानं गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमतच, चाळीस हजारांनी खाली आणली होती. गाडी चोरीला गेली की तेवढे कमी मिळणार. या लबाडीवर मी शेजाऱ्याला पाच मिनिटं भाषण दिलं. मग त्या मुलीचा फोन आला. तिचा आकडा ८,२७९ होता, पूर्ण किंमत धरून, पन्नास टक्के बोनस धरून. फरक ४,२४८ रुपयांचा, त्यातले साडेसहाशेच्या आसपास तर नुसता जीएसटी. अंगठा टेकवला.

माझी नोकरी चाकणला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटीमध्ये. येणाऱ्या मालाची तपासणी. पुरवठादारानं तपासणीच्या कागदावर न मोजता आकडे भरले असतील तर ते मला वासानं कळतं. सगळी मापं फार सुंदर, मधोमध येतात. असा माल मी लाल टॅग लावून परत पाठवतो आणि पाठवताना दोन शब्द सुनावतोही. गेल्या दहा वर्षांत किती जणांना सुनावलं असेन! त्याच बोटांनी चौकोनावर खूण केली त्या दिवशीही मी दोन लॉट परत पाठवले होते.

जून २०२४मध्ये पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे, पुढचा टेम्पो थांबला आणि मी थांबलो नाही. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही दिवे, पुढची पूर्ण चौकट. मला काही झालं नाही, टेम्पोला तर ओरखडाही नाही. अंदाजपत्रक १,३८,०००. या वेळी सर्व्हेअर आला, सभ्य माणूस, फोटो काढले, चेसिस नंबर घेतला, चहाही घेतला नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं. मागील विमा कंपनीकडून खातरजमा केली असता मागील कालावधीत क्लेम दिल्याचं आढळलं. बोनसबाबत आपण केलेलं जाहीरनाम्यातलं विधान चुकीचं असल्यानं स्वतःच्या नुकसानीच्या भागातले सगळे लाभ रद्द.

पुढचे तीन महिने मी एक पीडित ग्राहक होतो. हे काम मला छान जमलं. रात्री जेवणं झाल्यावर बसायचो आणि वाचायचो. २००२च्या मोटार दरपत्रकात सत्तावीस नंबरचा नियम आहे, तो पाठ केला. नियम म्हणतो, जाहीरनामा खोटा निघाला तर लाभ जप्त. पण तोच नियम असंही म्हणतो की बोनस देणाऱ्या नव्या कंपनीनं पॉलिसी दिल्यापासून एकवीस दिवसांच्या आत जुन्या कंपनीला पत्र लिहून खात्री करून घ्यायची, आणि जुनीनं तीस दिवसांत उत्तर द्यायचं. माझ्या कंपनीनं एकवीस दिवसांत काय केलं? काहीच नाही, असं मला दिसत होतं. सात महिने माझा हप्ता ठेवून घेतला, अपघात झाला तेव्हा जागी झाली. कंपन्यांच्या क्लेमची माहिती एकत्र ठेवणारा ब्युरो हैदराबादेत २००९पासून आहे, मग आधी का बघितलं नाही? हा मुद्दा पोकळ नाही. ग्राहक आयोगांपुढे अशी प्रकरणं अनेकदा गेली आहेत, आणि कंपनीनं वेळेत खातरजमा केली नाही म्हणून काहींना सगळं नाही तरी काही रक्कम मिळालेलीही आहे. हप्ता घेताना डोळे मिटायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की भिंग काढायचं, ही खोड आजही मला लबाडीचीच वाटते, आणि मी स्वतः काय केलं त्यानं ती कमी लबाडीची होत नाही.

वाचता वाचता एका रात्री मी सुमात्रात पोचलो. विम्यात दोन्ही बाजूंनी परम सद्भाव पाळायचा, हे तत्त्व ज्या खटल्यापासून सांगतात तो १७६६चा, कार्टर विरुद्ध बोहम. कार्टर हा इंग्रजांच्या सुमात्रातल्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर. किल्ला शत्रूच्या हाती पडला तर पैसे मिळावेत असा त्यानं लंडनमध्ये विमा उतरवला, फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि विमेकरी म्हणाला की किल्ला कच्चा होता हे तू लपवलंस. लॉर्ड मॅन्सफील्डनं निकाल कार्टरच्या बाजूनं दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की विमेकऱ्याला चौकशी करता आली असती, ती न करता त्यानं जोखीम घेतली. आता तक्रार कशाला? मी खुर्चीत ताठ बसलो. अडीचशे वर्षांपूर्वीचा इंग्रज न्यायाधीश माझ्या एकवीस दिवसांच्या बाजूनं! तक्रारअर्जात हा खटला घालायचा असं ठरवून दिवा मालवला. झोप येईना. कार्टर गप्प राहिला होता, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मला विचारलं होतं. दोनदा तोंडी आणि एकदा चौकोनात.

कंपनीच्या तक्रार विभागानं सप्टेंबरमध्ये आपलंच म्हणणं पुन्हा पाठवलं. मग पुढची पायरी विमा लोकपाल. त्याचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून वर्षभरात जायचं. दापोडीहून आता मेट्रो थेट आहे. मी तीन पानी निवेदन तयार केलं. भाषा चांगली उतरली होती, सांगायला हरकत नाही. टाइप करून अण्णांना वाचायला दिलं, का दिलं ते आजही नक्की सांगता येणार नाही. बहुधा शाबासकी हवी होती.

त्यांनी तिन्ही पानं वाचली. वाचताना ओठ हलत होते.

“एकवीस दिवसांचं सगळं आलंय,” ते म्हणाले. “तुझं कुठंय?”

“माझं काय, अण्णा?”

“तू काय लिहून दिलं होतंस ते.”

मी म्हणालो, ते दुसऱ्या पानावर आहे. होतं. ‘अर्जदाराकडून अनवधानाने नोंदवली गेलेली माहिती’ असं. अण्णांनी ते पुन्हा काढून वाचलं आणि ‘अनवधानाने’वर बोट ठेवून थांबले. हेच बोट त्या दिवशी बंपरवर थांबलं होतं. मग कागद परत दिले. “बघ बाबा,” म्हणाले, “तू शिकलेला आहेस.”

कारखान्यात आम्ही बिघाडाचं मूळ शोधायला व्हाय-व्हाय करतो, पाचदा ‘का’ विचारायचं. पहिल्या किंवा दुसऱ्या ‘का’ला पुरवठादार हमखास ‘ऑपरेटरकडून अनवधानाने’ असं लिहून पाठवतो आणि मी तो कागद फेकतो. अनवधान हे मूळ कारण असूच शकत नाही, असं मी ट्रेनिंगमध्ये शिकवतो. निवेदनाच्या पाठीमागे पेन्सिलीनं स्वतःचं व्हाय-व्हाय करून पाहिलं. चौकोनात ‘नाही’ का? ४,२४८ वाचवायला. ते का? कारण बोनस माझा हक्काचा वाटत होता. हक्काचा का? कारण इतकी वर्षं अपघात नाही. इथं पेन्सिल थांबली. पंधराशे रुपये देऊन रस्त्यावर मिटवलेला अपघात सोडला तर नाही, असं लिहायला हवं होतं. तो अपघात कुठल्याच कागदावर नव्हता, म्हणून माझ्या हिशेबातही नव्हता. पुढच्या दोन वर्षांतलं प्रत्येक खोटं त्या कोऱ्या जागेवर उभं होतं, आणि मी मात्र कंपनीच्या एकवीस दिवसांचा हिशेब मांडत बसलो होतो.

लोकपालाकडे मी गेलो नाही. मुदत सप्टेंबर २०२५मध्ये संपली. इथं कोणी माझ्या पदरात पुण्य टाकायला जाऊ नये, खरं कारण तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. मार्चच्या क्लेमची फाइल उघडली गेली तर ‘अज्ञात वाहन’ आणि शेजारचा बंपर दोन्ही टेबलावर येणार होते. थोडा कंटाळाही होता. पश्चात्तापानं माघार घेणारा आणि पकडले जाऊ म्हणून माघार घेणारा बाहेरून सारखेच दिसतात. मी दुसरा होतो, निदान तेव्हा तरी. गाडी कासारवाडीच्या एका गॅरेजमध्ये बाजारातले पार्ट घालून ९६,००० रुपयांत उभी केली. डावा दिवा अजून जरा वर बघतो.

पुढच्या नूतनीकरणाला मी चौकोनात ‘होय’ केलं. त्याबद्दल स्वतःचं कौतुक करावं असं फार वाटलं, पण आता लपवून उपयोगच नव्हता.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दापोडीच्या बाजारात अंड्यांच्या होलसेलवाल्याकडे गेलो. घरासाठी एक ट्रे घेतला आणि मग विचारलं, तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडून मोपेडवर माल नेणारा एक माणूस होता, पावसाळ्यात त्याला गाडी लागली होती, हाताला मार होता.

“कोण? नाव काय?”

नाव माहीत नाही म्हणालो.

“दिसायला कसा?”

मी आठवायचा प्रयत्न केला. हेल्मेटला काच नव्हती. डावा हात छातीशी. उजव्या हातात अंडं. वरचा चेहरा काही केल्या येईना. त्या सकाळी पाच मिनिटं मी त्याच्याशी भाव केला होता आणि सगळा वेळ माझ्या बंपरकडे बघत होतो.

“मोपेड निळी होती,” मी म्हणालो.

दुकानदार पट्टा आवळत हसला. “निळ्या तीन येतात आपल्याकडं. पहाटे पाचला भरतात. तेव्हा या, ओळखा तुमचा कोणता ते.” मग जरा थांबून, “का हो, पैसे राहिलेत का त्याच्याकडं?”

“माझ्याकडं राहिलेत,” म्हणालो. पाचशे, असं सांगणार होतो, पण आकडा तोंडातून निघेना.

ट्रे घेऊन घरी आलो. पाचचा गजर लावून ठेवला आहे, रोज वाजतो. अजून गेलेलो नाही.